खांबावरची रेघ

बुधवारी सकाळी साडेनऊला भाऊजी घरातून निघाले तेव्हा त्यांच्या खिशात पेन्सिल होती, खोडरबर होतं आणि हातात बारा इंची फुटपट्टी. ह्यात नवीन काही नव्हतं. आठ महिने झाले, दर बुधवारी ते असेच निघायचे, कोलकात्याजवळ, बराकपूर स्टेशनपाशी असलेल्या भाड्याच्या जागेतून गंगेच्या बाजूला घेतलेल्या नव्या घराकडे, घराला नाव द्यायला. नवीन होतं ते एवढंच की चपला घालता घालता ते वृंदाताईला म्हणाले, "आज शेवटचं. नाव ठरलं."

भाऊजी म्हणजे वृंदाताईचे मिस्टर, प्रभाकर आगाशे. वृंदाताई तेव्हा पोळपाट लाटणं जुन्या साडीत गुंडाळत होती, कारण शुक्रवारी सामान हलवायचं होतं. तिने मान पण वर केली नाही.

"काय ठरलं?"

"बघशील ना. खांबावर लिहितो. संध्याकाळी ये बघायला."

"तुमचं काही ठरायचं म्हणजे मी वर गेल्यावर."

"तुझ्या आधी ठरवतो," भाऊजी म्हणाले आणि जिना उतरून गेले.

नव्या घरासमोर शेफालीदी राहतात. शाळेत संस्कृत शिकवायच्या, आता रिटायर. त्यांनी गॅलरीतून दहाला भाऊजींना बघितलं. ते गेटच्या खांबावर पट्टी धरून रेघ मारत होते. मग मागे सरकून गल्लीत ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि रेघेकडे बघायला लागले. साडेदहाला शेफालीदींनी कपडे वाळत घातले, भाऊजी बसलेले. अकराला त्या भाजी निवडायला बाहेर आल्या, बसलेले. साडेअकराला मासेवाला गेला, त्याने हाक मारली, "काय दादू, काय नाव पडलं आज?" भाऊजी बोलले नाहीत. मासेवाल्याला राग नाही आला. विचार करताना दादू बोलत नाहीत हे सगळ्या पाड्याला माहीत. पाडा म्हणजे तिथली आळी, आणि दादू म्हणजे आजोबा. एकदा तर दहा ते एक बसले होते आणि उठून एक मात्रा खोडली होती.

बाराला ऊन तोंडावर आलं तरी त्यांनी खुर्ची हलवली नाही, तेव्हा शेफालीदींना शंका आली. भाऊजी ऊन बोटभर सरकलं की खुर्ची बोटभर सरकवायचे. त्या खाली उतरल्या.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, दीड तास होऊन गेला. म्हणजे एवढा वेळ सगळा पाडा त्यांच्यासमोरून येत जात होता, आणि सगळ्यांना वाटत होतं, विचार करतायत. पेन्सिल हातात तशीच होती. शेफालीदींनी ती काढून घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये घातली आणि वृंदाताईला दिली, तेव्हा त्या फार रडल्या. वृंदाताई नाही रडली. ती म्हणाली, "काय लिहिलंय?"

"कुठे?"

"खांबावर हो. नाव काय लिहिलंय?"

शेफालीदी म्हणाल्या, "काही नाही लिहिलं. नुसती रेघ आहे."

आता हे नीट सांगायला पाहिजे. आपण सगळे आधी अक्षरं काढतो आणि मग डोक्यावरून रेघ ओढतो. भाऊजींचं उलटं. ते ड्राफ्ट्समन होते, सरकारी कारखान्यात जन्मभर नकाशे काढले. ते आधी पट्टीने सरळ रेघ मारायचे आणि मग खाली एकेक अक्षर लटकवायचे, दोरीवर कपडे घातल्यासारखं. म्हणायचे, रेघ सरळ असली की नाव काहीही असो, वाकडं दिसत नाही. त्या दिवशी दोरी बांधून झाली आणि कपडे राहिले.

त्यांच्या ऑफिसात नियमच होता, आधी पेन्सिल, मग शाई. बाकीचे लोक हा नियम पाच वाजता टेबलावर ठेवून घरी जायचे. भाऊजी घरी घेऊन आले. अंबरनाथ, जबलपूर, कानपूर आणि शेवटी इकडे इछापूर, कुठेही बदली होवो, ह्यांचं सगळं पेन्सिलीत. निखिल जबलपूरला झाला तेव्हा चार महिने त्याला नावच नव्हतं. पाळण्याला चिठ्ठी लावलेली असायची, पेन्सिलीने लिहिलेली, दर आठवड्याला वेगळी. शेजारची बाई बाळाला कडेवर घ्यायच्या आधी चिठ्ठी वाचायची. शेवटी डोस द्यायला आलेल्या नर्सने दम दिला तेव्हा निखिल ठरला, आणि तेसुद्धा वृंदाताईने पेन आणून समोर धरलं म्हणून.

आणि वृंदाताईचं लग्न. लग्नात सुनेचं नाव बदलायची पद्धत त्यांच्याकडे. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो. सासूबाईंनी, म्हणजे सगुणाबाईंनी, नाव ठरवून ठेवलं होतं, सुलक्षणा. भाऊजींनी अंगठी घेतली, 'सु' काढला, बघितला, हाताने तांदूळ सपाट केले. परत 'सु'. परत सपाट. तांदळावर लिहिण्यातलं सुख त्यांना त्या दिवशी कळलं असणार, खोडरबर पण लागत नाही. गुरुजी खोकले. पंगतीला वाढणारे लोक काय झालं म्हणून आत आले. सगुणाबाई दात ओठ खात म्हणाल्या, "प्रभाकर, सुलक्षणा." आणि भाऊजींनी लिहिलं, वृंदा.

"अरे, हे तर तिचं आहेच," सासूबाई म्हणाल्या.

"हेच नीट बसतंय," भाऊजी म्हणाले.

आईच्या शब्दाबाहेर जन्मात एकदाच गेले ते हे. सगुणाबाईंनी पण हार नाही मानली. मरेपर्यंत पत्र पाठवायच्या ते सौ. सुलक्षणा हिला अनेक आशीर्वाद, आणि वृंदाताई उत्तर लिहायची, आपली वृंदा. पोस्टमनला वाटायचं आगाश्यांकडे दोन बायका आहेत.

तर असा हा माणूस. चौतीस वर्षं क्वार्टरमध्ये राहिला. क्वार्टरला नाव नसतं, नंबर असतो. एच चौदा, टाइप टू बासष्ट, असलं काहीतरी. रिटायर झाल्यावर निखिल म्हणाला, कोलकात्यात बालीगंजला माझ्याजवळ या, फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. भाऊजी म्हणाले, तुझ्या फ्लॅटला पण नंबरच आहे. आणि बराकपूरला हे बसकं जुनं घर घेतलं, दोन खोल्या, एक ओटा आणि लोखंडी गेट. गेटला दोन खांब. उजव्या खांबावर दगडी पाटीची जागा मोकळी, कारण आधीच्या मालकाने जाताना आपली पाटी उपटून नेली होती.

नाव तसं लागणारच होतं. तिथले नंबर म्हणजे देवाला काळजी. ह्यांचं घर सत्तावीस बाय एक बाय सी. सत्तावीस बाय एक बाय बी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, आणि नुसता सत्तावीस बाय एक तळ्याच्या पलीकडे. रंगाऱ्याने पहिले दोन दिवस तळ्यापलीकडच्या माणसाचं घर घासलं. तो माणूस पण काही बोलला नाही, त्याला वाटलं पालिकेकडून आहे.

म्हणून भाऊजींनी ठरवलं, नाव खांबावर त्या जागेच्या खाली पेन्सिलीने लिहायचं, आठ दिवस ठेवायचं, जाता येता बघायचं, डोळ्याला बसतं का बघायचं, आणि नाही बसलं तर खोडायचं. पहिलं लिहिलं 'विसावा'. आठ दिवसांनी म्हणाले, थकल्यासारखं वाटतं. मग 'निवांत'. ते म्हणाले, घरात कोणी ऐकू न येणारं राहतं असं वाटतं. मग 'कृतार्थ', त्याला शेफालीदींनी गॅलरीतून दहापैकी आठ दिले. त्यांना देवनागरी वाचता यायची आणि मार्क दिल्याशिवाय राहवायचं नाही. 'वृंदावन' पण लिहून झालं. वृंदाताईच म्हणाली, "खोडा आधी. मिठाईचं दुकान वाटतं." एका आठवड्यात 'शेवट गोड' होतं. त्या आठवड्यात निखिल आला, खांब वाचला, आणि आत न येता सियालदहची परतीची गाडी कधी आहे ते बघायला लागला.

गल्लीतल्या लोकांना दर बुधवारचा नादच लागला. फिरायला जाणारे म्हातारे वाट वाकडी करून खांब बघून जायचे. ज्यांना अक्षर कळायचं नाही ते लांबी बघायचे, म्हणायचे, ह्या वेळी छोटं आहे, हे टिकेल. मासेवाला त्यांना पेन्सिल-दादू म्हणायला लागला आणि मग सगळेच म्हणायला लागले. वृंदाताईला राग यायचा.

"चांगलं आडनाव आहे आमचं," ती शेफालीदींना म्हणाली. "पेन्सिल काय?"

शेफालीदी हसल्या. म्हणाल्या, "वृंदा, आमच्याकडे माणसाला दोन नावं असतात. एक चांगलं, शाळेत घालायचं. एक डाकनाम, हाक मारायचं. चांगलं नाव आईबाप ठेवतात. डाकनाम कधी पडतं ते कळत पण नाही. आणि ज्याला डाकनाम नाही त्याला कोणी हाक मारत नाही बघ. घराचं पण तसंच. माझ्या घराच्या दगडावर काय लिहिलंय?"

"शिउली-कुंज."

"आणि रिक्षावाल्याला काय सांगतेस माझ्याकडे यायला?"

"फणसवालं घर."

"फणस कापून वीस वर्षं झाली," शेफालीदी म्हणाल्या.

दगडी पाटीचं काम नीलू मिस्त्रीला दिलेलं. घाटाच्या रस्त्यावर त्याचं दुकान. त्याने भाऊजींचा दगड पहिल्याच आठवड्यात कापून, घासून तयार ठेवला, पांढरा, फूटभर लांब. आठ महिने नाव येईना, तेव्हा त्याने तो दोन विटांवर ठेवला आणि त्यावर चहा प्यायला लागला. भाऊजी दुकानात आले की त्यांना पण त्याच दगडावर चहा द्यायचा. नीलूला देवनागरी वाचता येत नव्हतं. भाऊजींनी त्याला सांगून ठेवलं होतं, वाचायचं काही कारणच नाही, खांबावर जे असेल त्याच्यावर पातळ कागद ठेव, छाप घे आणि जसंच्या तसं कोर. एक सूतभर फरक नको.

तर बुधवारी भाऊजी गेले. गुरुवारी घाटावर सगळं झालं. शुक्रवारी सामान हलायचं होतं ते राहिलं. बांधलेल्या खोक्यांच्या मध्ये सतरंजी टाकून लोक भेटायला येऊन बसत होते. चहाचे कप कोणत्या खोक्यात आहेत ते भाऊजींनी खोक्यावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, पण तीनदा खोडलेलं, म्हणून शेजारून कप आणले.

जो येईल तो घराचं नाव सुचवत होता. तिकडे पद्धतच आहे, माणूस गेला की घराला त्याच्या नावापुढे स्मृती लावायचं. निखिलला ते पटलं. तो म्हणाला, "आई, प्रभाकर-स्मृती करून टाकू. मी नीलूला सांगतो, दोन दिवसांत होईल."

"स्मृती कसली? स्मृती व्हायला आधी माणूस राहायला नको का तिथे? एक रात्र झोपले नाहीत त्या घरात."

"मग काय करायचं?"

"त्यांनी ठरवलं होतं ते."

"काय ठरवलं होतं?"

वृंदाताईला तेच तर माहीत नव्हतं. चौतीस वर्षं ह्या माणसाचं काही ठरलं नाही, ठरलं त्या दिवशी सांगितलं नाही, आणि तिने विचारलं ते पण लाटणं गुंडाळता गुंडाळता. दोन मिनिटं वर बघून नीट विचारलं असतं तर सांगितलं असतं. हे तिला खात होतं. बाकीचं रडणं तिने बाजूला ठेवलं होतं. एकच धरून बसली, नाव काय होतं.

खिसे बघितले. डायरी सापडली. डायरीत एकतीस नावं, प्रत्येकासमोर लांबी, अक्षरं आणि शेरा. 'विसावा, तीन अक्षरं, साडेचार इंच, दमल्यासारखं.' प्रत्येक नावावर पट्टीने काट मारलेली. शेवटी लिहिलं होतं बत्तीस, आणि पुढे कोरं.

आठव्या दिवशी निखिल मेजरटेप घेऊन खांबापाशी गेला. रेघ बरोबर नऊ इंच भरली. तो येऊन डायरी उघडून बसला. शेवटी मुलगा त्यांचाच.

"बाबांचं एक अक्षर दीड इंच. नऊ इंच म्हणजे सहा अक्षरं. सहा अक्षरी नाव होतं आई." आणि तो बोटावर मोजायला लागला. "स्वस्तिकसदन... ते पाच की सहा? समाधानगृह... सहा होतात पण असलं कोण ठेवेल. स, गु, णा, स, द, न. सगुणासदन. सहा. बरोबर स..."

आणि त्याने आईचं तोंड बघितलं आणि बोटं मिटली.

वृंदाताई उठून आत गेली. आत भाऊजींचा फोटो होता, पुढे दिवा. तिने दिव्यात तेल घातलं, कारण ते घालायलाच लागतं, आणि फोटोकडे न बघता बाहेर आली. त्या दिवसापासून तिने फोटोशी बोलणं बंद केलं. आधी चालू होतं, दूध उतू गेलं, गॅसवाला आला, असं सगळं सांगायची. आता एक शब्द नाही. माणूस जाऊन आठ दिवस झाले आणि बाईने नवऱ्याशी अबोला धरला. निखिल म्हणाला, "आई, मी नुसतं मोजलं गं." ती म्हणाली, "बरोबर मोजलंस. ठरलं म्हणाले ना. एवढ्या ठामपणे आणखी कोणाचं ठरणार? जन्मभर सासूबाईंनी मला सुलक्षणा लिहिलं, आता मी मरेपर्यंत त्यांच्या पाटीखालून जाईन येईन."

दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवले. महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतले गुरुजी आले होते. वृंदाताई पण गेली, नको म्हणत असताना. बराकपूरच्या घाटावर कावळ्यांना तोटा नाही. दहा बारा कावळे कठड्यावर बसून होते, पिंडाकडे बघत होते, एक पुढे यायला तयार नाही. अर्धा तास झाला. एक कावळा उतरला, पिंडाभोवती फिरला, मान वाकडी केली, आणि परत जाऊन बसला.

"हे बाबाच आहेत," निखिल हळूच म्हणाला.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. सांगा, पूर्ण करू म्हणावं."

निखिल हात जोडून म्हणाला, "बाबा, घराला नाव देतो." कावळा बसलेला. गुरुजी म्हणाले, "कुठलं ते सांगा." निखिल म्हणाला, "प्रभाकर-स्मृती." दोन कावळे उडून गेले. मग ज्याला जे आठवेल ते. भाऊजींचे ऑफिसातले एक मित्र आले होते, केदार म्हणून, ते म्हणाले, "आगाशे, कृतार्थ ठेवू, कृतार्थ चांगलं होतं." शेफालीदी पायरीवर पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "विसावा." घाटावर आंघोळीला आलेले लोक थांबून बघायला लागले, हे लोक कावळ्यांना एकेक करून काय विचारतायत.

शेवटी सगळे वृंदाताईकडे बघायला लागले. ती पुढे आली. तिने पदर खोचला. म्हणाली, "सगुणासदन लावू. तुमच्या आईचं. मी काही म्हणणार नाही."

कठड्यावरचे उरलेले सगळे कावळे एकदम उडाले आणि पलीकडच्या वडावर जाऊन बसले.

गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून लावू, शास्त्रात आहे. ते दर्भ काढायला लागले. वृंदाताई तिथेच उभी. तिला काय वाटलं ते तिलाच माहीत. ती वडाकडे बघत, घरात बोलतो त्या आवाजात म्हणाली, "अहो, राहू दे. काही घाई नाही. सावकाश ठरवा."

वडावरून एक कावळा आला, सरळ पिंडावर बसला, चोच मारली आणि भाताचा घास घेऊन गेला.

निखिल परतताना म्हणत होता की ह्यात काही अर्थ नाही, बंगाली कावळा, त्याला मराठी काय कळणार. पण म्हणताना नाक पुसत होता. आणि वृंदाताई घरी येऊन आधी फोटोसमोर गेली आणि म्हणाली, "गुरुजींचे दर्भ वाया गेले हो."

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी उदकशांत केली, कारण भाड्याची जागा मालकाने दुसऱ्यांना देऊन टाकलेली, राहायला तर जायलाच लागणार होतं. गुरुजी ताम्हन पुसत होते, तेवढ्यात खालून हाक आली, "मासिमा!" मासिमा म्हणजे मावशी. नीलू मिस्त्री आला होता. अंगावर धुतलेला शर्ट, केस पाण्याने बसवलेले, आणि दोन्ही हातांत नव्या गमछ्यात गुंडाळलेला दगड. त्याने तो पाटावर ठेवला. म्हणाला, "मासिमा, दादूचं काम आहे. एक सूतभर फरक नाही."

"कसलं काम?" निखिल म्हणाला.

"पाटी. दादूंनी मंगळवारी सांगितलं, उद्या नक्की होणार, संध्याकाळी येऊन छाप घेऊन जा. मी बुधवारी संध्याकाळी गेलो. दादू नव्हते, कोणीच नव्हतं. मी छाप घेतली आणि गेलो. दुसऱ्या दिवशी कळलं." त्याने गमछ्याची गाठ चाचपली. "मग मी दुसरं कुठलंच काम नाही घेतलं. हेच केलं."

त्याने गमछा सोडला. पांढरा दगड, आरशासारखा घासलेला. चहाचा एक डाग नाही. आणि मधोमध एक रेघ. नऊ इंच, सरळ, खोल कोरलेली, काळा रंग भरलेली. बाकी काही नाही.

निखिलचं तोंड लाल झालं. "नीलू, ही नुसती रेघ आहे."

"हो."

"हे नाव नाही. नाव हिच्या खाली येतं. तू आठ महिने बघतोयस ना, वर रेघ असते, खाली अक्षरं असतात?"

नीलू गोंधळला. "मला वाटलं मराठीत असेल. एवढी अक्षरं लिहून लिहून खोडली दादूंनी. मला वाटलं शेवटी काहीतरी छोटं सापडलं. ते म्हणालेच होते, शेवटचं आहे." त्याने रेघेवरून बोट फिरवलं. "खूप मन लावून काढली होती, दादा. हात जरा पण हलला नव्हता."

आणि वृंदाताईला हसू आलं. आधी पदर तोंडाला लावला, वाटलं रडतेय, म्हणून गुरुजींनी पाणी पुढे केलं. पण ती हसत होती. पोट धरून हसली, पाटावर बसली, परत रेघ बघितली आणि परत हसली. शेफालीदी पण लागल्या. मग गुरुजी, जे मघापासून मंत्राचं तोंड करून बसले होते. नीलूला कळेना की त्याचं चुकलं की बरोबर आलं. मग हसता हसताच वृंदाताई रडायला लागली, चौदा दिवसांचं सगळं, आणि कोणी तिला थांबवलं नाही.

निखिल हळूच म्हणाला, "आई, खाली जागा आहे. तू सांगशील ते नाव कोरून देईल तो. सांग. आता तूच ठरव."

वृंदाताईने खूप वेळ दगड बघितला. एकदा म्हणाली, "असं..." आणि थांबली. मग म्हणाली, "नाही, ते नको." परत बघायला लागली. निखिलला घाबरायला झालं, म्हणाला, "आई, तू पण सुरू नको करूस."

"लाव असाच," ती नीलूला म्हणाली. "सरळ आहे ना?"

"एकदम सरळ, मासिमा."

"मग झालं."

सोळाव्या दिवशी वृंदाताई नव्या घरात राहायला गेली. पाटी उजव्या खांबावर लागली. रंगारी खांब रंगवायला आला तेव्हा तिने पाटीच्या खालचा हातभर भाग सोडायला सांगितला, तिथे भाऊजींची खरी रेघ आहे. फिरायला जाणारे म्हातारे पाटी बघायला आले, आणि एकमेकांना सांगायला लागले, दादूंची पेन्सिल आहे ती, आडवी ठेवलेली. शेफालीदींनी गॅलरीतून बघितलं आणि म्हणाल्या की मार्क नंतर सांगते. अजून सांगितले नाहीत.

एप्रिल उजाडला. वृंदाताई पेन्शनच्या कागदांसाठी कोलकात्याला गेली आणि दुपारच्या गाडीने परत आली. स्टेशनबाहेर टोटो उभ्या असतात, बॅटरीवरच्या तीनचाकी रिक्षा. गर्दीतून घामाघूम होऊन ती एका टोटोत बसली, पिशवी मांडीवर घेतली. ड्रायव्हर अनोळखी होता. तिने पत्ता सांगायला तोंड उघडलं, जो ती आठ महिने पाठ म्हणत होती, घाटाच्या रस्त्याने सरळ, तळं आलं की डावीकडे, सत्तावीस बाय एक बाय सी, बी नाही, सी.

ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि चावी फिरवली.

"पेन्सिल-बाडी तो, मासिमा?"

बाडी म्हणजे घर, एवढं बंगाली तिला येत होतं. तिने पिशवी जरा जवळ ओढली.

"हो," ती मराठीतच म्हणाली.

त्याला कळलं. टोटो निघाली.